तंतुकणिका नसलेल्या पेशीतलं ‘तंतुकणिकेचं’ प्रथिन

तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं आणि तंतुकणिकाही नसतात, हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया, पेशीची ऊर्जा तयार करणारी इवलीशी अंगकं. वाक्य बरोबर आहे. आता दुसरं वाक्य ऐका. ‘एबीसीबी६’ नावाचं एक प्रथिन आहे. त्याची ओळख बरीच वर्षं ‘तंतुकणिकेच्या बाह्यपटलावरचं प्रथिन’ अशी करून दिली जायची. आणि हेच प्रथिन माणसाच्या तयार तांबड्या पेशीत सापडतं, तेही चांगलं ठसठशीत, पेशीच्या अगदी बाहेरच्या पटलावर.

दोन्ही वाक्यं एकत्र ठेवली की घोटाळा होतो. घरच नाही, तर घराच्या भिंतीतली वीट आली कुठून? तंतुकणिका गेल्यावर हे प्रथिन मागे राहिलं, की ते मुळात तिथलं नव्हतंच? या प्रश्नाचं उत्तर शोधताना रक्तगट, एक दुर्मीळ त्वचाविकार, मलेरियाचा परजीवी आणि प्रयोगशाळेतला एक फसवा रिपोर्ट असं सगळं वाटेत भेटतं. मला हा विषय आवडतो तो यामुळेच.

आधी तांबड्या पेशीकडे पाहू. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. एकेक पेशी सुमारे १२० दिवस रक्तात फिरते. कोणत्याही क्षणी शरीरात अशा जवळपास २५ लाख कोटी पेशी असतात आणि प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे २५ कोटींहून जास्त रेणू ठासून भरलेले असतात. इतका माल भरायचा तर जागा करावी लागते. म्हणून घडता घडता ही पेशी आपलं सामान एकेक करून टाकून देते. पहिल्यांदा केंद्रक बाहेर फेकलं जातं. उरते ती जालिकापेशी, म्हणजे किशोरवयीन तांबडी पेशी म्हणा. हिच्यात थोड्या तंतुकणिका शिल्लक असतात. पुढच्या एक-दोन दिवसांत पेशी त्याही स्वतःच गिळून संपवते.

हे गिळणं अंदाधुंद नसतं. तंतुकणिकेच्या बाह्यपटलावर ‘निक्स’ नावाचं प्रथिन बसलेलं असतं, ते ‘मला घेऊन जा’ अशी खूण म्हणून काम करतं. २००७-०८च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की निक्स काढून टाकलं तर तांबड्या पेशींत तंतुकणिका तशाच रेंगाळतात आणि त्या पेशी लवकर मरतात. निक्स हे बाह्यपटलावरचं अस्सल प्रथिन. तंतुकणिका गेली की तिच्याबरोबर तेही जातं. एबीसीबी६चंही असंच व्हायला हवं होतं.

तंतुकणिका काढून टाकण्यात पेशीचा फायदाही आहे. तंतुकणिका ऑक्सिजन खातात. ऑक्सिजन पोचवणाऱ्यानं वाटेत तो स्वतःच संपवला तर काय उपयोग? तांबडी पेशी स्वतःपुरती ऊर्जा ग्लुकोज फोडून, ऑक्सिजन न वापरता मिळवते आणि आणलेला माल जसाच्या तसा ऊतींपर्यंत नेते.

आता हीमकडे वळू, कारण एबीसीबी६ची पहिली ओळख त्याच्यामुळे झाली. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार हीम असतात. हीम म्हणजे मधोमध लोहाचा अणू धरून बसलेलं एक चपटं कडं. लोह बसण्याआधीच्या त्या कड्याला पॉर्फिरिन म्हणतात. जांभळ्या रंगासाठीच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं, आणि पॉर्फिरिनं खरोखरच लाल-जांभळी असतात. हीम बनायला आठ पायऱ्या लागतात. पहिली पायरी तंतुकणिकेत, पुढच्या चार बाहेर पेशीद्रवात आणि शेवटच्या तीन पुन्हा तंतुकणिकेत. म्हणजे अर्धवट झालेला माल मधेच बाहेर येतो आणि पाचव्या पायरीनंतर परत आत जातो. आत जाणाऱ्या त्या रेणूचं नाव कोप्रोपॉर्फिरिनोजेन. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. एवढंच पुरे, की त्याला तंतुकणिकेचं बाह्यपटल ओलांडून आत जावं लागतं आणि तिथं कोणी तरी दार उघडणारा हवा.

२००६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस इथल्या सेंट ज्यूड संशोधन रुग्णालयातल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की तो दार उघडणारा म्हणजे एबीसीबी६. हे प्रथिन तंतुकणिकेच्या बाह्यपटलावर असतं, पॉर्फिरिनला धरतं आणि ऊर्जा खर्चून आत सोडतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. चित्र अगदी चपखल बसत होतं. पाठ्यपुस्तकात रिकाम्या असलेल्या जागेवर नेमकं बसेल असं प्रथिन हाती लागलं होतं.

‘एबीसी’ हे आडनाव एका मोठ्या कुटुंबाचं. माणसात या कुटुंबाचे ४८ सदस्य आहेत. एटीपी हे पेशीतलं चलन खर्च करून पटलाच्या एका बाजूचा रेणू दुसऱ्या बाजूला ढकलायचा, हे त्यातल्या बहुतेकांचं काम. काही सदस्य कर्करोगाची औषधं पेशीबाहेर फेकून उपचार निकामी करतात, त्यामुळे औषधशास्त्रातले लोक या कुटुंबाकडे जरा संशयानंच पाहतात. एबीसीबी६ ८४२ अमिनो आम्लांचं आहे आणि ते ‘अर्धं’ आहे. म्हणजे दोन रेणू एकत्र आले की एक पंप तयार होतो. त्याचं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. २००० साली या प्रथिनाचं पहिलं सविस्तर वर्णन झालं तेव्हा त्याला ‘एमटीएबीसी३’ असं नाव मिळालं होतं. त्यातलं ‘एमटी’ म्हणजे मायटोकाँड्रिया. पत्ता थेट नावातच घातला गेला. नावात घातलेला पत्ता बदलणं किती अवघड असतं, ते पुढे दिसेलच.

आता दुसरी गोष्ट. तिचा पहिलीशी काही संबंध असेल असं अर्धशतक कोणाला वाटलंही नव्हतं.

१९६१ साली नेदरलँड्समध्ये एका रुग्णाला दिलेलं रक्त मानवलं नाही. मुख्य रक्तगट जुळत होते, तरी त्याच्या शरीरानं दिलेल्या तांबड्या पेशी फोडायला सुरुवात केली. शोध घेतल्यावर कळलं की त्याच्या रक्तात एका अनोळखी प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, आहेत. प्रतिजन म्हणजे शरीराला ओळखता येणारी पेशीवरची खूण. हा प्रतिजन जवळपास सगळ्या माणसांच्या तांबड्या पेशींवर असतो. याच्या पेशींवर तो नव्हता. त्यामुळे इतरांचं रक्त त्याच्या शरीराला परकं वाटलं. त्या रुग्णाच्या आडनावावरून प्रतिजनाला लँगेराइस नाव पडलं, थोडक्यात ‘लॅन’. ज्यांच्या पेशींवर तो नसतो ते ‘लॅन-निगेटिव्ह’. अशी माणसं हजारोंत एखादी.

रक्तगट म्हटलं की आपल्याला ए, बी, ओ आणि आरएच आठवतात. प्रत्यक्षात रक्तगटांच्या ४०हून अधिक प्रणाली नोंदलेल्या आहेत. तांबड्या पेशीच्या पटलावर कित्येक प्रथिनं आणि साखरेच्या साखळ्या असतात, आणि त्यातलं जे काही माणसागणिक वेगळं असतं त्यातून एखादा रक्तगट जन्माला येऊ शकतो. लॅन बराच काळ ‘नुसता प्रतिजन’ म्हणूनच यादीत होता. तो कोणत्या प्रथिनावर बसतो, त्यामागचं जनुक कोणतं, कशाचाच पत्ता नव्हता. असे अनाथ प्रतिजन रक्तपेढीवाल्यांना फार जाच देतात. जनुक माहीत नसलं की डीएनए तपासून दाता शोधता येत नाही. त्या दुर्मीळ प्रतिपिंडांच्या थोड्याशा साठ्यावरच चाचण्या उरकाव्या लागतात.

२०१२ साली पॅरिसमधली राष्ट्रीय रक्तसंक्रमण संस्था आणि अमेरिकेतलं व्हरमाँट विद्यापीठ यांच्या संशोधकांनी हा गुंता सोडवला. युक्ती साधी होती. लॅनविरुद्धच्या प्रतिपिंडांचा गळ करायचा, त्याला अडकून पेशीपटलातून जे वर येईल ते वेगळं काढायचं आणि वस्तुमान-वर्णपटमापीनं त्याचे तुकडे मोजून ते प्रथिन कोणतं ते ओळखायचं. गळाला लागलं ते एबीसीबी६. मग १२ लॅन-निगेटिव्ह व्यक्तींचं जनुक वाचलं गेलं. त्यात १० वेगवेगळे बिघाड सापडले आणि प्रत्येक बिघाडाचा परिणाम एकच होता: प्रथिन बनतच नव्हतं. १९६१ची गोष्ट आणि २००६ची गोष्ट एकाच प्रथिनावर येऊन मिळाल्या. लॅनला रक्तगट प्रणालींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ३३वा क्रमांक मिळाला. ३२वा क्रमांक ज्युनियर या गटाला मिळाला. त्याचं प्रथिनही याच एबीसी कुटुंबातलं, एबीसीजी२, आणि त्याचा उलगडाही त्याच वर्षी झाला.

खरा धक्का यापुढे आहे. त्या १२ जणांत एबीसीबी६ अजिबात नव्हतं आणि तरी ती माणसं ठणठणीत होती. रक्तक्षय नाही, हीमची कमतरता नाही. हे प्रथिन पॉर्फिरिन आत नेणारं एकमेव दार असतं, तर त्याच्यावाचून हिमोग्लोबिन बनलंच नसतं आणि ती माणसं जन्माला येऊन जगलीच नसती. म्हणजे एक तर त्याच्या जोडीला दुसरं दार असणार, नाही तर ते मुळातच तंतुकणिकेचं दार नसणार. शिवाय ज्या जागी ते सापडलं ती जागा तंतुकणिकेपासून कोसभर लांब, पेशीच्या बाहेरच्या भिंतीत. प्रतिपिंडं पेशीच्या आत शिरत नाहीत. त्यामुळे लॅन हा रक्तगट म्हणून ओळखला जातो, एवढ्यावरूनच ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर डोकं काढून आहे हे सिद्ध होतं.

पत्ता नेमका कोणता?

पत्त्याबद्दलची कुजबुज तशी आधीपासून होती. २००७ साली एका गटानं ते तंतुकणिकेच्या बाह्यपटलावर आणि पेशीच्या प्रद्रव्यपटलावर, म्हणजे अगदी बाहेरच्या पटलावर, दोन्हीकडे असल्याचं सांगितलं. २००८ साली दुसऱ्या गटानं ते मुख्यतः गॉल्गी संकुलात, म्हणजे प्रथिनांवर शेवटचा हात फिरवून ती पुढे पाठवणाऱ्या पेशीतल्या भागात, असतं असं म्हटलं. २०१२ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी तर सरळच भूमिका घेतली की हे प्रथिन तंतुकणिकेचं नव्हे, ते लयकारिकांमध्ये राहतं आणि तांबड्या पेशीत प्रद्रव्यपटलावर. लयकारिका म्हणजे लायसोसोम, पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या आम्लानं भरलेल्या पिशव्या.

एकाच प्रथिनाचे इतके पत्ते कसे निघतात? प्रथिन कुठे आहे हे कळायचे मार्ग मोजके, आणि प्रत्येकात खड्डे. एक मार्ग असा, की पेशी फोडायच्या, तो रस्सा अपकेंद्रीत वेगानं फिरवायचा आणि वजनाप्रमाणे थर वेगळे करायचे. तळाशी केंद्रकं, त्यावर तंतुकणिका, मग हलक्या गोष्टी. अडचण ही की लयकारिकांचं वजन आणि आकार तंतुकणिकांच्या जवळपासचा. त्या त्याच थरात उतरतात. ही अडचण काही नवी नाही. लयकारिकांचा शोधच मुळी या भेसळीतून लागला. बेल्जियमचे ख्रिश्चन द दूव १९५०च्या दशकात यकृताच्या पेशींचे थर वेगळे करत होते. एक विकर तंतुकणिकांच्या थरात येत होतं, पण त्याचं वागणं तंतुकणिकेतल्या विकरासारखं नव्हतं. ते आणखी बारकाईनं शोधत गेले तेव्हा त्या थरात दुसऱ्याच पिशव्या मिसळलेल्या निघाल्या. १९५५ साली त्यांना नाव मिळालं आणि १९७४ साली द दूव यांना नोबेल. थोडक्यात, ‘तंतुकणिकांच्या थरात सापडलं’ आणि ‘तंतुकणिकेत सापडलं’ यांत फरक आहे, हे जीवशास्त्र एकदा चांगलं शिकून बसलेलं आहे.

दुसरा मार्ग प्रथिनाला चमकणारं शेपूट जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा. यात पेशीकडून ते प्रथिन नेहमीपेक्षा भरमसाट बनवून घेतलं जातं. गर्दी झाली की प्रथिनं नको तिथंही जाऊन बसतात. शेपटामुळे प्रथिनाच्या टोकावरचा पत्ता झाकला जाऊ शकतो. तिसरा मार्ग प्रतिपिंडं वापरण्याचा, आणि प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटलं तर सगळंच मुसळ केरात.

म्हणून प्रथिनाच्या अंगावरच्या खुणा पाहणं मला जास्त भरवशाचं वाटतं. एबीसीबी६च्या कुळातली काही प्रथिनं, उदाहरणार्थ एबीसीबी७, नक्की तंतुकणिकेतली आहेत. त्यांच्या सुरुवातीच्या टोकाला तंतुकणिकेकडे नेणारी ठराविक अक्षररचना असते. एबीसीबी६च्या टोकाला तशी रचना नाही. तिथं पटलात रुतून बसणारा एक जादा भाग आहे, आणि तो काढून टाकला तर हे प्रथिन लयकारिकेपर्यंत पोचत नाही असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. दुसरी खूण साखरेची. एबीसीबी६वर साखरेची साखळी चढवलेली असते. ही साखळी आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, चढते आणि गॉल्गी संकुलात तिच्यावर शेवटचा हात फिरतो. तंतुकणिकेकडे जाणारी प्रथिनं सहसा या वाटेनं जात नाहीत, ती थेट पेशीद्रवातून आत शिरतात. अंगावर त्या वाटेचा शिक्का आहे, म्हणजे प्रवास त्या वाटेनं झाला. आणि त्या वाटेवरची पुढची ठिकाणं म्हणजे लयकारिका आणि प्रद्रव्यपटल.

तरी तंतुकणिकेचा पत्ता साफ खोटा ठरला असं मी म्हणणार नाही. काही प्रथिनं दोन-तीन ठिकाणी राहतात, कोणत्या पेशीत किती हेही बदलतं, आणि २००६चं काम करणाऱ्या गटानं नंतरही भक्कम प्रयोग केले. तांबड्या पेशीपुरतं मात्र उत्तर पुरेसं स्वच्छ आहे. तिथं तंतुकणिका नाहीत, एबीसीबी६ आहे, आणि ते बाहेरच्या पटलात आहे.

ते तिथं पोचतं कसं, याचीही एक पटण्यासारखी वाट दिसते. जालिकापेशी आपलं जुनं सामान केवळ आत पचवून थांबत नाही. नको असलेली पटलप्रथिनं ती बारीक पुड्यांमध्ये बांधून बाहेर सोडते. या पुड्या म्हणजे एक्सोसोम. १९८०च्या दशकात एक्सोसोमचा शोध जालिकापेशींमध्येच लागला, हे आज त्यांच्यावर संशोधन करणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या ध्यानीमनी नसतं. पुड्या बाहेर सोडताना लयकारिकेच्या जातीच्या पिशव्या प्रद्रव्यपटलाला येऊन मिळतात. पिशवीच्या पटलात जे असेल ते अशा वेळी पेशीच्या पटलात मिसळू शकतं. बुडापेस्टच्या संशोधकांना जालिकापेशींनी सोडलेल्या एक्सोसोममध्येही एबीसीबी६ सापडलं होतं. म्हणजे घराची वीट शेजारच्या भिंतीत कशी गेली हा प्रश्नच चुकीचा होता. वीट दुसऱ्याच घराची होती, आणि ते घर पेशीच्या भिंतीला येऊन मिळालं होतं.

एबीसीबी६ एकटंच असं आहे असंही नाही. तंतुकणिकेच्या बाह्यपटलावर सर्वांत मुबलक असलेलं व्हीडॅक नावाचं छिद्र-प्रथिनही तांबड्या पेशीच्या पटलात असल्याच्या नोंदी आहेत. ती वेगळीच कथा आहे, तिच्यात इथं शिरत नाही.

मग ते करतं काय?

बाहेरच्या पटलावर बसून एबीसीबी६ पॉर्फिरिन आत ओढत असेल असं दिसत नाही. ते बाहेर टाकतं. हीम बनवताना थोडं पॉर्फिरिन नेहमीच शिल्लक राहतं आणि ते शिल्लक राहणं बरं नसतं. प्रकाश पडला की पॉर्फिरिन भडकतं, आजूबाजूला घातक ऑक्सिजन-रेणू तयार करतं आणि पेशीपटलं जाळतं. पॉर्फिरिया नावाच्या आनुवंशिक आजारांच्या काही प्रकारांत रुग्णाला उन्हात गेलं की त्वचेची असह्य आग होते, ती यामुळेच. २०१६ साली सेंट ज्यूडच्याच संशोधकांनी दाखवलं की पॉर्फिरिया असलेल्या उंदरांतून हे प्रथिन काढलं तर आजार जास्त बळावतो, आणि तीव्र पॉर्फिरिया असलेल्या काही रुग्णांत या जनुकाचे कमजोर नमुने सापडतात. लॅन-निगेटिव्ह माणसांच्या तांबड्या पेशींत पॉर्फिरिन नेहमीपेक्षा जास्त साचलेलं असतं. जो गट २००६ साली ‘आत नेणारा’ म्हणत होता त्यानंच दहा वर्षांनी ‘बाहेर टाकणारा’ म्हणून त्याच्यावर लिहिलं. याला मी विज्ञानाची फजिती म्हणणार नाही. हातात आलेला नवा पुरावा त्यांनी आधीच्या पुराव्याशेजारी ठेवला, इतकंच.

यीस्टमध्ये या प्रथिनाचा एक लांबचा नातेवाईक आहे, एचएमटी१. कॅडमियमसारखे विषारी जड धातू तो रिक्तिकेत कोंडतो. रिक्तिका म्हणजे यीस्टची लयकारिकाच. माणसाचं एबीसीबी६ त्याच्या जागी घातलं तर तेही यीस्टला कॅडमियमपासून वाचवतं. एकंदरीत नको असलेल्या, त्रासदायक वस्तू पेशीच्या कामाच्या जागेतून हलवणं हा या घराण्याचा जुना धंदा दिसतो.

आता तो फसवा रिपोर्ट. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो, म्हणून रिपोर्टमध्ये पोटॅशियम जास्त दिसलं की डॉक्टर लगेच सावध होतात. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या रक्तद्रवाच्या वीसपट किंवा जास्तच असतं. पेशीपटल ते आत राखून ठेवतं. १९७९ साली एडिंबरोच्या एका कुटुंबात विचित्र गोष्ट दिसली. रक्त काढल्या काढल्या तपासलं तर पोटॅशियम नेहमीइतकं, आणि नमुना शरीरापेक्षा कमी तापमानात काही तास पडून राहिला की भलतंच जास्त. माणूस निरोगी, परीक्षानळीतलं रक्त मात्र आजारी. या प्रकाराला कौटुंबिक आभासी अतिपोटॅशियम म्हणता येईल. २०१३ साली त्याचं मूळ सापडलं एबीसीबी६मधल्या एका-एका अक्षराच्या बदलात. त्या बदलामुळे रक्त थंड झालं की तांबड्या पेशीच्या पटलातून पोटॅशियम झिरपतं.

इथं एक बारीक मुद्दा आहे, आणि तो चुकू नये. लॅन-निगेटिव्ह माणसात हे प्रथिन अजिबात नसतं आणि त्याला हा त्रास नसतो. त्रास होतो तो प्रथिन आहे पण वाकडं आहे अशांना. नसलेल्या दारातून काही झिरपत नाही. नीट न लागणाऱ्या दारातून झिरपतं. अशा लोकांना स्वतःला काही होत नाही. पण त्यांनी रक्तदान केलं तर ती पिशवी शीतपेटीत राहून त्यातलं पोटॅशियम नेहमीपेक्षा जास्त चढतं. मोठ्या माणसाला त्यानं सहसा फरक पडत नाही. नवजात बाळाला भरपूर रक्त एकदम द्यायचं असेल तर तेवढं पोटॅशियमही चिंतेचं ठरू शकतं. रक्तपेढीच्या दृष्टीनं एबीसीबी६चा व्यवहारातला मुद्दा लॅनइतकाच हाही आहे, आणि माझ्या मते त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

अंगभर गडद आणि फिकट ठिपके उठणारा एक आनुवंशिक त्वचाविकार, आणि डोळ्याच्या जडणघडणीत खाच राहून जाणारा कोलोबोमा, यांतही काही कुटुंबांत एबीसीबी६मधले बदल सापडले आहेत. त्वचेचा धागा जुळवता येतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशीत ते ज्या पिशव्यांमध्ये तयार होतं त्या लयकारिकांच्याच नात्यातल्या, आणि एबीसीबी६ तिथंही सापडलं आहे.

आता मलेरिया. प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम हा सगळ्यांत घातक मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो तो पटलावरच्या प्रथिनांना धरत, चाचपडत. मलेरियानं माणसाच्या रक्तगटांवर आपली छाप पाडली आहे हे जुनं निरीक्षण. डफी हा प्रतिजन तांबड्या पेशींवर नसलेल्या लोकांना प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स सहसा पकडू शकत नाही, हे त्याचं ठळक उदाहरण. २०१८ साली लॅन-निगेटिव्ह पेशींवर प्रयोग झाले तेव्हा फाल्सिपेरमला त्या पेशींत शिरणं फार जड गेलं, परजीवीचा कोणताही वाण घेतला तरी. हे साचलेल्या पॉर्फिरिनमुळे असेल का? ती शंका ज्युनियर-निगेटिव्ह पेशी वापरून मिटवली गेली. त्यांतही पॉर्फिरिन साचतं, तरी परजीवी तिथं बिनबोभाट शिरतो. माकडांकडून माणसात येणारा प्लाझ्मोडियम नोलेसी तर लॅन-निगेटिव्ह पेशींतही सहज जातो. म्हणजे फाल्सिपेरमचंच एबीसीबी६शी काही खास साटंलोटं असावं. प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे आहेत, त्यावरून लॅन-निगेटिव्ह माणसाला मलेरिया होणार नाही असा अर्थ कोणी काढू नये.

मुळातल्या त्या ओळखपत्राचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. जगभरातले संशोधक प्रथिनांची माहिती पाहायला युनिप्रॉट ही सार्वजनिक सूची उघडतात. तिथं एबीसीबी६च्या पानावर ‘कुठे आढळतं’ या रकान्यात प्रद्रव्यपटल, गॉल्गी संकुल, आंतर्द्रव्यजालिका, लयकारिका आणि एक्सोसोम असे पत्ते एकाखाली एक चढत गेले आहेत. तंतुकणिकेचं बाह्यपटलही त्याच यादीत आहे. ते कोणी खोडलेलं नाही.